क्लेम म्हणाला, दिसली

क्लेम पोहल वर कधी बघायचा नाही. फुगा सोडायच्या सकाळी निम्मं गाव विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभं असायचं, पोरं बापाच्या खांद्यावर चढायची, आणि हा आपला गाडीपाशी पाण्याचे डबे दोरीने आवळत बसलेला. कुणी म्हणालं, "अरे क्लेम, बघ तरी, चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच झाला," तर तो म्हणायचा, "वर जातं त्याचं कौतुक तुम्ही करा. खाली पडतं ते माझं."

खाली पडायची ती एक पेटी. फुगा नुसता हमाल. भारी काय ते त्या पेटीत. शिशाचे पत्रे आणि त्यांच्यामधे फोटोच्या फिल्मसारखा मसाला लावलेले तक्ते, एकावर एक रचलेले, काळ्या कागदात घट्ट गुंडाळलेले. आकाशाच्याही पलीकडून काही कण अष्टौप्रहर पृथ्वीवर येऊन आदळत असतात, त्यांना विश्वकिरण म्हणतात. खालच्या हवेत शिरले की त्यांचा चुरा होतो, म्हणून त्यांना वरच्यावर गाठायचं. तक्त्यातून आरपार जाताना ते बारीक रेघ ओढून जातात. तक्ते धुतले की रेघा उमटतात आणि त्या रेघांवरून शिकलेली माणसं पाहुण्याचं घर शोधतात. हा फुटलेल्या ताऱ्यातून उडाला की आणखी कुठल्या लांबच्या भट्टीतून. त्यांचं अजून एकमत नाही. पाहुणा घरात शिरून भिंतीतून निघून जातो आणि हे त्याचं गाव कुठलं म्हणून भांडत बसतात.

त्या तक्त्यांचा नखरा एकच, त्यांना ऊन सोसत नाही. वर गोठवणारी थंडी चालते, उतरताना हवाई छत्रीचा हिसका चालतो, पण खाली तांबड्या मातीत पडल्यावर ऊन खात राहिले की सगळे काळे पडतात आणि रेघ त्या काळ्यात बुडून जाते. म्हणून पेटी पडली की क्लेमने आधी पोचायचं, तिच्यावर पांढरं जाड कापड ताणून सावली करायची, कापड पाण्याने भिजवत राहायचं, आणि वायरलेसवर कळवायचं की झाकली. मग मागून क्रेनचा ट्रक निघायचा.

त्या मुलखात जमिनीवरून काही दिसत नाही. खुरटी झाडं, काटेरी गवताचे गोळे, सगळं एका उंचीचं, जिकडे बघावं तिकडे तेच. म्हणून बर्नी कील आपलं छोटं विमान घेऊन पेटीवर घिरट्या घालायचा आणि क्लेमला वायरलेसवर वाट सांगायचा. डावीकडे घे, ओढा ओलांड, आता सरळ. क्लेमला छत्रीचं पांढरं कापड दिसलं की त्याने एकच शब्द बोलायचा, "दिसली." तो शब्द ऐकला की बर्नी पंख हलवून परत फिरायचा, कारण विमानात पेट्रोल बेताचंच असायचं. तो शब्द आल्याशिवाय विमान जायचं नाही, आणि आल्यावर थांबायचं नाही. फुग्यांच्या तळावर हा नियम सगळ्यात जुना, आणि कागदावर कुठे लिहिलेला नाही.

क्लेमने इतक्या वर्षांत एकही पेटी हरवली नव्हती. तळाचा मुख्य वॉल ट्रेव्हॉरो नव्या माणसांशी त्याची ओळख करून द्यायचा तेव्हा म्हणायचा, "हा क्लेम. ह्याला तुमचा पडलेला दातसुद्धा सापडेल." क्लेम तोंड वाकडं करायचा, पण ते वाक्य ऐकायला तो मुद्दाम जवळपास रेंगाळायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आता त्याचे डोळे चालले होते.

एकदम नाही. आधी अक्षरं मधून खाल्ल्यासारखी झाली. मग माणसांची तोंडं गेली. बघावं तिथे मधोमध एक करडा डाग, कुणी अंगठा धरल्यासारखा, आणि कडेकडेने मात्र सगळं नीट. गाडी तो रस्त्याच्या कडा बघून चालवायचा. माणसं आवाजावरून आणि चालीवरून ओळखायचा. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर चिठ्ठी देणार, चिठ्ठी ट्रेव्हॉरोच्या टेबलावर जाणार, आणि मग गाडीच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या खिशात. पेट्या शोधण्यापलीकडे त्याला दुसरं काही येतही नव्हतं आणि दुसरं काही व्हावंसंही वाटत नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं, बोलायचं नाही.

घरीसुद्धा नाही. त्याची बायको नोरीन एकदा मटणाचे चॉप वाढताना म्हणाली, "क्लेम, तुला नीट दिसतंय ना रे?"

"दिसायला काय झालं?"

"तू टोमॅटो सॉस टेबलावर ओततोयस."

"बाटलीच वाकडी आहे," तो म्हणाला.

नोरीनने फडक्याने टेबल पुसलं. ती वाट बघत राहिली की हा आज ना उद्या सांगेल. बायका अशा वाट बघतात, आणि बघता बघता आतून कडक होत जातात.

तळावरच्या माणसांना मात्र सांगावं लागलं नाही. त्यांनी हुडकून काढलं. चहाच्या तंबूत बर्नीने एके दिवशी साखरेच्या डब्यात मीठ भरलं आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मीठ. क्लेम आला, नेहमीच्या जागेवरचा डबा उचलला, तीन चमचे टाकले, ढवळलं आणि पहिला घोट घेतला. तंबूत सगळ्यांचे चमचे थांबले. क्लेमला कळलं की डब्यावर काहीतरी लिहिलेलं असणार आणि ते आपल्याला दिसलेलं नाही. थुंकला असता तर तेच कबूल केल्यासारखं झालं असतं. तो सगळा मग प्यायला, सावकाश, तळापर्यंत.

"चहा कसा आहे, क्लेम?" बर्नीने विचारलं.

"फक्कड," क्लेम म्हणाला.

त्या दिवसापासून तो त्यांचा खेळ झाला. त्याचा मग एक वीत सरकवून ठेवायचा. टोपी दुसऱ्या खुंटीवर टांगायची. दोघांनी एकमेकांचे कोट घालून त्याच्यासमोर यायचं. पैज बिअरच्या पेटीची, क्लेम कधी कबूल करतो ह्यावर. ट्रेव्हॉरोलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "सापडतायत ना पेट्या? मग चालू द्या." आणि पेट्या सापडत होत्या खऱ्या, कारण बर्नी वरून त्याला अगदी छत्रीवर नेऊन सोडायचा. तेवढी माया होती त्यांच्यात. मायेचा आणि छळाचा मग एकच होता, कुठल्या दिवशी कशाने भरायचा ते त्यांच्या लहरीवर.

त्या हंगामात जपानहून विश्वकिरणांच्या शास्त्रज्ञ डॉक्टर साकाकिबारा बाई आल्या. वरचं वारं वर्षातून दोनदा तोंड फिरवतं, त्या फिरण्याच्या मधल्या दिवसांत वर हवा थांबते आणि फुगा भलतीकडे न पळता तरंगत राहतो. बाई आदल्या हंगामातही येऊन गेल्या होत्या. तेव्हा खालचं वारं रोज पहाटे उठायचं, त्यांचा फुगा जमिनीवरून सुटलाच नाही, आणि त्या पेटी घेऊन परत गेल्या. ह्या वेळी जमलं नाही तर पाळी दुसऱ्यांची, हे त्यांना त्यांच्या विद्यापीठाने स्पष्ट सांगितलं होतं. तक्ते त्यांनी स्वतः ओतले होते, अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात. बुटक्या, गोऱ्या, टोपीखाली रुमाल बांधलेल्या. सगळ्यांना सारखंच वाकून नमस्कार करायच्या, ट्रेव्हॉरोला तितकाच आणि भांडी घासणाऱ्यालाही तितकाच.

क्लेमला त्यांनी विचारलं, "पेटी शोधणार ते तुम्हीच ना?"

"मीच."

"पेटीत एक पट्टी ठेवली आहे. गरम झालं की काळी पडते. ती पांढरी असेल तर माझं सगळं ठीक."

"पांढरीच आणून देतो, बाई," क्लेम म्हणाला, आणि त्याच्या मनात खोट अजिबात नव्हती.

ह्या वेळी वारं निजून राहिलं. फुगा सुटला, वर गेला, तरंगला, पोटभर किरण खाऊन झाले, आणि मग वायरलेसवरून खूण देऊन पेटी त्याच्यापासून तोडली. ती छत्रीला लटकत पहाटे खाली आली, गावापासून खूप लांब, बर्टन नावाच्या गुरंवाल्याच्या हद्दीत. त्याची गुरं चरतात ती जमीन एवढी की त्याच्या एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणाला जाताना जेवणाचा डबा लागतो. ट्रेव्हॉरो, क्रेनवाले आणि बाई बर्टनच्या घरी ओसरीवर बसले. बर्नी विमान घेऊन वर गेला. क्लेम एकटा गाडी घेऊन निघाला.

"डावीकडे," बर्नी वरून सांगत होता. "अजून. आता तो खडकांचा उंचवटा उजव्या हाताला ठेव. पेटी त्याच्या पलीकडे, पायथ्याशी. दिसेल आता."

क्लेमने गाडी हळू केली. मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने सगळीकडे बघितलं. आणि दिसलं, पांढरं, फडफडणारं, एका वाळलेल्या झाडावर अडकलेलं. छत्री झाडावर अडकते कधीकधी. त्याच्या छातीतलं ओझं उतरलं.

"दिसली," तो म्हणाला.

वरून बर्नीला गाडी दिसत होती, पेटीही दिसत होती, आणि गाडीचं तोंड पेटीकडे नव्हतं.

"नक्की दिसली, क्लेम?"

"अरे, दिसली म्हणतोय ना. तुला काय चर्चमधे शपथ घेऊन सांगू?"

"नाही नाही. तू म्हणतोस म्हणजे दिसलीच असणार," बर्नी म्हणाला. त्याने पंख हलवले आणि विमान वळवलं. नियमाप्रमाणेच गेला तो. तेवढं नंतर प्रत्येकाला ऐकवायचा.

क्लेम झाडाजवळ पोचला, गाडीतून उतरून दार लावलं, आणि दाराच्या आवाजाने सगळी छत्री किंचाळत उडाली. काकाकुवे होते. शेदीडशे पांढरे काकाकुवे झाडावर बसले होते, ते त्याच्या डोक्यावरून ओरडत गोल फिरले आणि निघून गेले. झाड उघडं पडलं. क्लेम पांढऱ्या कापडाची गुंडाळी काखेत घेऊन त्याच्याखाली उभा राहिला.

गाडीत वायरलेस होता. बटण दाबून एक वाक्य बोलायचं होतं. त्याने बटण दाबलं.

"काम चालू आहे," तो म्हणाला.

बर्टनच्या ओसरीवर हे ऐकू आलं तेव्हा बर्नी नुकताच उतरून आला होता आणि फ्रूटकेकचा तुकडा तोंडात घालत होता. त्याने ट्रेव्हॉरोच्या कानाशी तोंड नेलं. "काकाकुव्यांवर कापड घालतोय," तो म्हणाला. क्रेनवाला एवढा हसला की चहा त्याच्या नाकात गेला.

"झाकली का?" साकाकिबारा बाईंनी विचारलं.

"झाकतोय, डॉक्टर. क्लेम आहे तो. त्याला सापडत नाही असं होत नाही," ट्रेव्हॉरो म्हणाला. मग बर्नीला हळूच, "किती वेळ ठेवायचं?"

"करेल रे कबूल. माझी ह्याच आठवड्याची पैज आहे. चहा संपेपर्यंत करेल."

चहा संपला. उन्हाने छपराचा पत्रा कडकड वाजायला लागला. बाई वायरलेसच्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून. अधूनमधून क्लेमचा आवाज यायचा. "चालू आहे." "जरा वाळू आहे इथे." "होईल आता." दर वेळी बर्नी हसायचा, पण दर वेळी थोडा कमी.

"सापडली का विचार त्याला सरळ," शेवटी क्रेनवाला म्हणाला.

"त्याने सांगू दे," ट्रेव्हॉरो म्हणाला. "एक शब्द तर बोलायचाय. आपण विचारलं तर म्हणेल सापडली." आणि हे खोटं नव्हतं. तिकडे क्लेम बटणावर बोट ठेवून बसला होता, इकडे हे कान लावून बसले होते, आणि मधे पेटी उन्हात. बाईंना ह्यातलं कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं तर खेळ कळला असता.

क्लेम गाडी घेऊन उंचवट्याला फेऱ्या घालत होता. मग गाडी सोडून चालत निघाला, मान तिरपी, हात पुढे. काटेरी गवताने नडग्या सोलल्या. दुपार उलटल्यावर त्याचा पाय एका दोरीत अडकला आणि तो तोंडावर आपटला. दोरी छत्रीची होती. ती धरून हाताहाताने सरकत तो पेटीपर्यंत गेला. पेटीवर हात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला, तव्यासारखी तापलेली. तरी त्याने गाडीतून कापड आणि पाण्याचे डबे ओढत आणले, कापड ताणलं, चारी कोपरे बांधले, सगळं पाणी त्यावर ओतलं, स्वतःला घोटभरही ठेवलं नाही. मग चाचपडत गाडीकडे जाऊन कळवलं, "झाकली."

ट्रक आला. सगळे उतरले, बाई सगळ्यांच्या पुढे. छत्रीच्या कापडावर गाडीच्या चाकाचा तांबडा पट्टा उठला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. क्लेम सकाळीच छत्रीवरून गाडी घालून गेला होता. कुणी हसलं नाही.

बाईंनी पेटीच्या बाजूचं छोटं झाकण उघडलं, आत हात घालून पट्टी काढली. बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरले होते त्यांचे. शेजारी क्लेम उभा होता, त्याच्यासमोर त्यांनी पट्टी धरली.

"मला नीट दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून सांगा."

क्रेनवाल्याने हातातली साखळी हळूच खाली ठेवली. क्लेमने मान तिरपी केली नाही, माणसांसमोर तो करायचा नाही. करड्या डागाकडे सरळ बघत तो म्हणाला, "पांढरी आहे, बाई. एकदम कोरी."

पट्टी कोळशासारखी काळी होती.

बर्नीच्या नाकातून एक हसू सुटलं आणि मधेच मोडलं. बाईंनी क्लेमकडे बघितलं, मग बर्नीकडे, मग ट्रेव्हॉरोकडे. हुशार बाई, त्यांना फार वेळ लागला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांनाच माहीत होतं," बर्नी पुटपुटला. "त्यालाच तेवढं माहीत नव्हतं की आम्हाला माहीत आहे."

क्लेमच्या मानेपर्यंत रक्त चढलं. मीठ, सरकवलेला मग, टोपी, कोट, सगळं एकामागून एक त्याला आठवत गेलं असणार. बाई त्याच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही सकाळी 'दिसली नाही' म्हणाला असतात, तर मी तुमच्या पाया पडले असते," त्या म्हणाल्या. मग नेहमीसारख्या सगळ्यांना सारखंच वाकल्या आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तक्ते धुतल्यावर काय निघालं ते मागाहून कळलं. काही निघालं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

क्लेमच्या किल्ल्या गेल्या. बर्नीचं काही गेलं नाही. त्याला तो शब्द ऐकू आला होता. तळावरचं माणूस काम सोडतं तेव्हा फुग्याच्या कापडाचा तुकडा सगळ्यांच्या सह्या करून, चौकटीत घालून द्यायची पद्धत आहे. क्लेमलाही चौकट दिली. त्याने काचेवरून हात फिरवला, आत पांढरं-तांबडं काहीतरी आहे एवढं त्याला कडेने दिसलं. सगळे हसत होते म्हणून तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

घरी येऊन त्याने ती जेवणाच्या टेबलासमोर टांगली. "कुणाकुणाच्या सह्या आहेत गं?" त्याने विचारलं.

नोरीन बटाटे सोलत होती. तिने वर बघितलं. सही एकही नव्हती. छत्रीचा तुकडा होता, त्यावर चाकाचा पट्टा.

"सगळ्यांच्या," ती म्हणाली.

"बर्नीचीपण?"

"सगळ्यात मोठी त्याचीच."

ती थांबली. आता तरी हा म्हणेल, मला वाचता येत नाही, तू वाचून दाखव. एवढं म्हणाला असता तर तिने ती चौकट तिथल्या तिथे चुलीत घातली असती आणि जाऊन बर्नीची मान मुरगळली असती. क्लेम म्हणाला, "हो, दिसतेय मला त्याची. कसलं गिचमिड अक्षर." नोरीनने पुढचा बटाटा घेतला.

पुढच्या हंगामात तो म्हणाला, फुगा बघायला जाऊ. जन्मात कधी वर न बघितलेला माणूस. नोरीनने थर्मास भरला, सँडविच बांधली, त्याचा हात धरून कुंपणापाशी नेलं. फुगा अर्धा भरला होता, माणसं दोऱ्या धरून होती. आणि वारं उठलं. आडवं, धुळीचं. ट्रेव्हॉरोने हात खाली केला, वायू सोडून दिला, आणि ते सगळं कापड फसफसत धावपट्टीवर आडवं झालं. लोक पाय ओढत घराकडे वळले.

क्लेम कुंपणाची तार धरून तसाच उभा होता. लोकांच्या चपला आणि वारं, दोन्ही त्याला ऐकू येत असणार. वारं काय करतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

नोरीनने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"गेला बघ वर," ती म्हणाली.

क्लेमने टोपी मागे सरकवली, हाताचा आडोसा कपाळाला लावला आणि रिकाम्या आभाळाकडे तोंड केलं.

"दिसला," तो म्हणाला. "काय सुरेख चाललाय."

नोरीनने थर्मासचं झाकण काढलं, चहा ओतला, आणि कप त्याच्या हातात न देता त्याच्यासमोर कुंपणाच्या खांबावर ठेवला.